नाट्यगीत मैफल
संगीत नाटकांतील निवडक पदांचा, नाट्यप्रयोगाविना होणारा गायनाचा कार्यक्रम. त्याचे मूळ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पाशी (पुणे, 1880) जाते. ही पदे नाटकाबाहेरही जगली.

बुलढाणा जिल्ह्याचा या परंपरेशी असलेला संबंध आवर्जून सांगावा असा आहे. खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) यांनी ‘वीरतनय’पासून पारशी-उर्दू रंगभूमीच्या चटकदार चाली मराठी पदांना दिल्या. कीर्तन, साकी-दिंडी यांना सरावलेल्या कानांना या चाली नव्या होत्या. पुढे गोविंदराव टेंबे (‘मानापमान’, 1911) व भास्करबुवा बखले (‘स्वयंवर’, 1916) यांनी रागदारीचा भक्कम पाया घातला. पदे नाटकाबाहेर टिकली ती मुख्यतः त्यामुळेच.

मैफलीचा आरंभ बहुधा नांदीने आणि शेवट भैरवीने होतो. साथीला तबला आणि ऑर्गन किंवा हार्मोनियम. ऑर्गनवादक दोन्ही पायांनी भाता हलवत असल्याने त्याचे दोन्ही हात स्वरपट्ट्यांवर मोकळे राहतात. गायकाची तान संपते न संपते तोच तिची शेवटची जागा तो उचलतो, आणि श्रोत्यांतून ‘वन्स मोअर’ येतो. निवेदक प्रसंग सांगतो. ते आवश्यकच, कारण ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी कोणत्या क्षणी गाते हे ठाऊक नसेल तर पदातील अर्धी आर्तता हरवते.

बुलढाण्याप्रमाणेच वऱ्हाडात असलेल्या मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांनी ‘कट्यार काळजात घुसली’मधील (1967) जितेंद्र अभिषेकींच्या रचना अजरामर केल्या.