मतदानाला रहिवासी, फीला परका : अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठीचे दोन कायदे

परदेशी शिष्यवृत्तीच्या तयारीत असलेले आपले विद्यार्थी आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठाच्या एकाच अभ्यासक्रमाला दोन वेगवेगळ्या फी का असतात? आणि निवडणूक आली की तिथले विद्यार्थी ओळखपत्रावरून न्यायालयात का जातात? प्रश्न दोन असले तरी दोन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे, रहिवासी. कोण इथला आणि कोण बाहेरचा, हे ठरवण्याचे अधिकार ज्यांच्या हातात असतात, ते त्यांचा वापर कसा करतात हे आपल्या समाजाला नव्याने शिकवायची गरज नाही. तरीही अमेरिकेतली ही गुंतागुंत नीट समजून घेतली पाहिजे.

आधी फी. अमेरिकेत राज्य विद्यापीठे काही प्रमाणात राज्याच्या करातून चालतात. म्हणून राज्यातल्या विद्यार्थ्याला कमी फी आणि बाहेरून आलेल्याला बरेचदा दुप्पट-तिप्पट फी. खासगी विद्यापीठात हा भेद सहसा नसतो. बाबासाहेब १९१३ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते खासगीच. राज्याचा रहिवासी ठरण्यासाठी बहुतेक राज्यांत किमान १२ महिन्यांचे वास्तव्य लागते आणि ते केवळ शिक्षणासाठी नसावे अशी अट असते. विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबून असेल तर आईवडील कुठे राहतात ते पाहिले जाते. पुरावा म्हणून कर भरल्याची कागदपत्रे, ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचा करार, नोकरी आणि मतदार नोंदणी अशा गोष्टी मागितल्या जातात. मतदार नोंदणी या यादीत आहे, हे लक्षात ठेवा. पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

न्यायालयांनी ही वर्षभराची अट मान्य केली आहे. मिनेसोटा राज्याच्या अशाच नियमाविरुद्ध दोन विद्यार्थिनी लढल्या आणि हरल्या. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मात्र १९७३ मध्ये 'व्लँडिस विरुद्ध क्लाइन' खटल्यात न्यायालयाने कनेक्टिकट राज्याला अडवले. प्रवेशाच्या वेळी बाहेरचा असलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा तिथला कायदा होता. आपण आता इथलेच झालो आहोत हे सिद्ध करण्याची संधी तरी त्याला द्या, असे न्यायालयाने बजावले.

मतदानाचा नियम मात्र वेगळ्या वाटेने गेला. १ जुलै १९७१ रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेत २६वी दुरुस्ती लागू झाली आणि मतदानाचे वय १८ झाले. (आपल्याकडे हेच ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये झाले.) त्यानंतर १९७२ मध्ये 'डन विरुद्ध ब्लमस्टीन' या खटल्यात टेनेसी राज्याची एक वर्ष वास्तव्याची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मतदान हा मूलभूत हक्क आहे, नव्याने राहायला आलेल्या माणसाला त्यासाठी वर्षभर ताटकळत ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवा. फीसाठी एक वर्षाची अट चालते, मतदानासाठी चालत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये वसतिगृहात राहायला आलेला अमेरिकन विद्यार्थी नोव्हेंबरमध्ये त्याच गावात मत देऊ शकतो आणि त्याच सत्रात बाहेरच्याची फीही भरतो. यात कुठेही फसवणूक नाही. दोन हक्कांसाठी कायद्याने दोन वेगळ्या मोजपट्ट्या ठेवल्या आहेत, इतकेच.

पण ही साधी गोष्ट विद्यार्थ्यांना घाबरवण्यासाठी वापरली जाते. २०११ मध्ये मेन राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या राज्य अध्यक्षांनी २०६ विद्यार्थ्यांची यादी पुढे केली. हे विद्यार्थी बाहेरच्याची फी भरतात आणि मत मात्र आमच्या राज्यात देतात, म्हणजे हा घोटाळा आहे, असा त्यांचा आरोप. चौकशी झाली, घोटाळा काही सापडला नाही. तरीही यादीतल्या विद्यार्थ्यांना सरकारी पत्रे गेली : राज्याचे लायसन्स काढा, गाडीची नोंदणी करा, नाहीतर मतदार नोंदणी रद्द करा. निर्दोष ठरल्यावर आलेले असे पत्र वाचून किती जण पुन्हा मतदान केंद्राची पायरी चढतील? त्याआधी २००८ मध्ये व्हर्जिनियातल्या माँटगोमेरी काउंटीत, जिथे व्हर्जिनिया टेक विद्यापीठ आहे, नोंदणी कार्यालयाने असाच इशारा दिला होता. इथे नाव नोंदवले तर आईवडिलांची करसवलत जाऊ शकते, शिष्यवृत्तीवर परिणाम होऊ शकतो, असा त्याचा सूर होता. करसवलतीचा मतदार नोंदणीशी संबंध नसतो. सरकारी शिक्षण मदतही मतदार यादीतल्या पत्त्यावर अवलंबून नसते. एखाद्या खासगी किंवा राज्याच्या शिष्यवृत्तीला रहिवासाची अट असू शकते, तेवढी तपासावी.

या सगळ्या प्रकाराचे मूळ पाहायचे असेल तर टेक्सासमधल्या वॉलर काउंटीकडे जावे लागते. तिथे प्रेअरी व्ह्यू ए अँड एम हे १८७६ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले विद्यापीठ आहे. काउंटीची सत्ता गोऱ्यांच्या हातात, विद्यार्थी बहुसंख्य कृष्णवर्णीय. २६वी दुरुस्ती आली आणि हजारो विद्यार्थी एकदम संभाव्य मतदार झाले. तेव्हा मतदार नोंदणी अधिकारी लरॉय सिम यांनी एक प्रश्नावली काढली. इथे तुमची मालमत्ता आहे का? नोकरी आहे का? पदवीनंतर इथेच राहणार का? जे अधिकाऱ्याच्या ओळखीचे, त्यांना या प्रश्नावलीची गरज नव्हती. ओळखीचे कोण असणार, हे सांगायला नको. आपल्याकडे तलाठ्याच्या किंवा सरपंचाच्या दारात दाखल्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला ही पद्धत लगेच ओळखू येईल. अखेर अमेरिकन सरकारच या अधिकाऱ्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. 'सिम विरुद्ध अमेरिका' हा खटला आजही विद्यार्थी मतदारांचा मोठा आधार आहे.

निकाल लागला म्हणून प्रकरण संपले नाही. २००३ च्या अखेरीस त्याच काउंटीच्या जिल्हा सरकारी वकिलांनी विद्यार्थ्यांना खटल्याची धमकी दिली. जानेवारी २००४ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठापासून हेम्पस्टेडच्या न्यायालयापर्यंत मोर्चा काढला, दावा दाखल केला आणि वकिलांना माघार घ्यावी लागली. २०१८ मध्ये मुदतपूर्व मतदानाच्या पहिल्या आठवड्यात कॅम्पसवर मतदान केंद्र नाही, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी पुन्हा न्यायालयात गेले. चाळीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या बदलल्या, पण प्रत्येक पिढीला लढा पहिल्यापासून सुरू करावा लागला.

नावनोंदणी झाली तरी ओळखपत्राची पायरी उरते. २००८ मध्ये इंडियाना राज्याचा छायाचित्र असलेल्या ओळखपत्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी असे कायदे केले. कोणते कार्ड चालेल याची यादी प्रत्येक राज्य स्वतः करते, आणि खरे राजकारण त्या यादीत असते. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालतो, राज्य विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही. टेनेसीतही तसेच. आयडाहोमध्ये विद्यार्थी ओळखपत्र चालत होते. २०२३ च्या कायद्याने ते वगळले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. इंडियानाने २०२५ मध्ये हाच मार्ग धरला. विस्कॉन्सिनमध्ये कार्ड चालते, पण त्यावर दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि सही हवी, शिवाय मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त नको. विद्यापीठांची नेहमीची कार्डे अशी नसल्यामुळे काहींना मतदानासाठी वेगळे कार्ड छापावे लागले.

जॉर्जियाची यादी आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. तिथे सरकारी महाविद्यालयाचे ओळखपत्र चालते, खासगीचे चालत नाही. नियम सगळ्या खासगी संस्थांना सारखाच आहे. पण मोरहाऊस आणि स्पेलमन ही अटलांटातली कृष्णवर्णीयांची नामवंत महाविद्यालये खासगी आहेत. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर ज्या मोरहाऊसमध्ये शिकले, तिथल्या विद्यार्थ्याचे कार्ड त्यांच्याच शहरात मतदानाला पुरत नाही. राज्य मोफत मतदार ओळखपत्र देते हे खरे, पण त्यासाठी कार्यालय गाठायचे आणि कागद जमवायचे काम विद्यार्थ्याचेच.

या कायद्यांचे समर्थक म्हणतात की महाविद्यालयाचे कार्ड नागरिकत्व सिद्ध करत नाही. बरोबर आहे. पण बहुतेक ड्रायव्हिंग लायसन्सही ते सिद्ध करत नाहीत. एफ-१ व्हिसावर गेलेल्या आपल्या कितीतरी मुलांच्या खिशात अमेरिकन लायसन्स असते आणि त्यांना मताधिकार नसतो. नागरिकत्व नोंदणीच्या वेळी तपासायचे असते. केंद्रावर फक्त नोंदवलेली व्यक्ती हीच आहे का, एवढेच पाहायचे असते. त्या कामाला फोटो असलेले सरकारी विद्यापीठाचे कार्ड का पुरू नये, याचे पटणारे उत्तर आम्हाला मिळालेले नाही.

अमेरिकेत आणखी एक मोठा गट आहे, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांची मुले. त्यांना मत नाहीच. प्रश्न फक्त फीचा. २००१ मध्ये टेक्सासने आणि मग कॅलिफोर्नियाने कायदा केला की राज्यातल्याच शाळेत शिकून बारावी झालेल्या मुलाला रहिवाशाची फी लागेल. पुढे अनेक राज्ये त्या वाटेने गेली. पण वारे फिरले. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने टेक्सासविरुद्ध दावा लावला, राज्य सरकारने त्याच दिवशी संमती दिली आणि २४ वर्षांची सवलत एका दिवसात थांबली. फ्लोरिडानेही त्याच वर्षी आपली सवलत काढून घेतली.

आपल्याकडेही दोन मोजपट्ट्या आहेतच. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते, मतदार यादीसाठी नाही. घर सोडून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गावच्या किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येते. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर नमुना ६ सोबत संस्थाप्रमुखाचे बोनाफाइड जोडावे. मात्र २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदार ओळखपत्राऐवजी चालणाऱ्या कागदपत्रांच्या यादीत महाविद्यालयाचे ओळखपत्र नव्हते, त्यामुळे आधार किंवा पॅन जवळ ठेवा.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एफ-१ व्हिसावर राज्यात कितीही वर्षे राहिले तरी साधारणपणे रहिवाशाची फी मिळत नाही. सूट हवी तर ती सहायक अध्यापन किंवा संशोधनाच्या कामातून मिळवावी लागते, आणि हे प्रवेशाआधीच विभागाला विचारावे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. १९९३ च्या कायद्यामुळे बऱ्याच राज्यांत लायसन्सच्या खिडकीवरच मतदार नोंदणीचा प्रश्न विचारला जातो. तिथे घाईत नागरिक असल्याच्या चौकटीवर खूण करू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा हा हद्दपारीचा आधार ठरतो, आणि चूक अनवधानाने झाली हे पटवून देणे फार अवघड जाते. चुकून नोंदणी झालीच असेल तर मतदान न करता आधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला गाठा.