‘बेल-अमी’वरची सकाळ

‘द नेकलेस’ ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना वाचली असेल. मिरवण्यासाठी मागून आणलेला हार हरवतो आणि तो भरून देता देता एका कारकुनाच्या बायकोची दहा वर्षे भांडी घासण्यात जातात. ही गोष्ट लिहिणारा फ्रेंच लेखक गी द मोपासां स्वतःही कारकून होता. तोसुद्धा कुठे? पॅरिसच्या नौदल खात्यात! नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर वाढलेला हा तरुण १८७२ पासून काही वर्षे जहाजांच्या कचेरीत कागद खरडत बसला आणि समुद्र काही त्याला दिसला नाही. रविवार आला की सेन नदीवर जाऊन वल्ही मारायची, एवढेच सुख.

पुढे लेखणीने त्याला हात दिला. १८८५ साली आलेली ‘बेल-अमी’ ही कादंबरी चांगलीच खपली. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्याने शिडाची एक बोट घेतली, तिला कादंबरीचेच नाव दिले. या बोटीवरच्या भटकंतीचे पुस्तक १८८८ मध्ये निघाले. त्याच्या नावाचा अर्थ एवढाच – ‘पाण्यावर’.

पुस्तकाची सुरुवात मोठी छान आहे. एप्रिल महिना, अँटिब गाव, अजून रात्रच आहे. बोटीचा तांडेल बर्नार खिडकीवर वाळू फेकून मालकाला उठवतो. हवा चांगली आहे, निघायचे का, असा तो निरोप. आपल्या कोकणात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जो वारा सुटतो त्याला मतलई म्हणतात. तसाच वारा तिथेही असतो. त्याच्या जोरावर बोट बंदराबाहेर काढायची. इंजिन नव्हते, त्यामुळे वारा पडला की बोट उभी. मोपासां वाऱ्याबद्दल लिहितो ते एखाद्या लहरी, बलाढ्य माणसाबद्दल लिहावे तसे. त्याला भ्यायचे, आणि त्याच्यावर जीवही लावायचा. मला विचाराल तर पुस्तकातली सगळ्यात जिवंत पाने तीच.

बोटीवर माणसे तीनच. बर्नार, त्याचा मेहुणा रेमों आणि मोपासां. शीड चढवायचे, नांगर टाकायचा, आभाळाकडे बघून अंदाज बांधायचा हे त्या दोघांचे काम. निवांतपणा मालकाचा आणि जागरण तांडेलाचे, हा हिशेब जुनाच आहे! पण त्या दोघांच्या जाणतेपणाबद्दल मोपासांला फार आदर होता, हेही सांगितले पाहिजे.

बोट किनाऱ्या-किनाऱ्याने चालली आहे. समोर कान्स, आज चित्रपट महोत्सवामुळे आपल्याला ठाऊक असलेले तेच कान्स. १८३४ साली इटलीला निघालेले इंग्लंडचे लॉर्ड ब्रूम कॉलऱ्याच्या नाकेबंदीमुळे इथे अडकले, तेव्हा ते कोळ्यांचे साधे गाव होते. त्यांनी इथेच बंगला बांधला, मागोमाग उमराव आले. १८६० नंतर रेल्वे आली आणि राजेरजवाडे आले, ऊब शोधणारे क्षयरोगीही आले. मोपासां या गर्दीची यथेच्छ टिंगल करतो, आणि त्याच वेळी तिथे मरायला आलेल्या तरुण मुलामुलींबद्दल लिहिताना त्याचा सूर एकदम खाली येतो. पुढे सँ-ओनोरा बेट लागते. व्हायोलिनवादक पागानिनी १८४० मध्ये नीस शहरात वारला, तेव्हा चर्चने दफनाला परवानगी नाकारली. त्याची शवपेटी या बेटाजवळच्या खडकावर पाच वर्षे पडून होती, असे मोपासां सांगतो. ती दंतकथाच असावी. पण संथ चाललेल्या बोटीवर बसून ऐकायला अशी गोष्ट हवीच.

आता एक गुपित. ही नऊ दिवसांची रोजनिशी म्हणून छापलेली असली तरी तिचा बराच मजकूर मोपासांने आधी वर्तमानपत्रांत लिहिलेल्या लेखांतून उचललेला आहे. युद्धाविरुद्धचा जळजळीत मजकूर, कारकुनांच्या आयुष्यावरची पाने, सगळे जुने. म्हणजे या निवांत दिवसातही रोजच्या मजुरीचेच तुकडे जोडलेले होते. काहींना यात फसवणूक वाटते. मला नाही वाटत. सुटीवर गेलेला माणूस डोक्यातले सामान घरी ठेवून थोडाच जातो?

आणि एक सोबत अशी होती की जी कुठेच सुटत नव्हती. त्याच पुस्तकात तो आपल्या अर्धशिशीबद्दल लिहितो. डोके फुटायला लागले की ईथरची बाटली नाकाशी धरायची. वर्णन इतके नेमके आहे की वाचताना आपणच बाजूला सरकतो. १८७७ मध्येच त्याला उपदंशाचे निदान झाले होते. मेंदूपर्यंत पोचलेला तोच आजार पुढे त्याच्या वेडाच्या मुळाशी होता. १८८८ मध्ये त्याने याच नावाची मोठी बोट घेतली, पण तब्येत ढासळतच गेली.

१८९२ च्या जानेवारीत, वर्षाच्या पहिल्याच रात्री, कान्सच्या घरी त्याने गळ्यावर शस्त्र फिरवले. जीव वाचला, भान मात्र परतले नाही. पॅरिसमधल्या पासीला डॉक्टर ब्लांश यांच्या रुग्णालयात न्यायचे ठरले. तिथेच दीड वर्षाने, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

निघण्याआधी, बोट पाहून काही आठवेल या आशेने, माणसांनी त्याला कान्सच्या धक्क्यावर नेले असे सांगतात. समोर ‘बेल-अमी’ पाण्यावर डुलत होती. तो बघत राहिला. ओठ हलले, शब्द आला नाही. मग त्याला स्टेशनकडे वळवले, तेव्हा तो पुन्हा पुन्हा मागे बघत होता.