बैलांच्या वाटेवर डिझेलची काजळी

पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. मानोरा तालुक्यातल्या या गावी बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची समाधी असून रामनवमीला देशभरातून भाविक लोटतात. बंजाऱ्यांचा जुना धंदा लदेणीचा: बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर पोचवायचे. रेल्वेने तो मोडला. याच भागातून जाणाऱ्या मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेजवर, म्हणजे 'शकुंतले'वर, १९२१ सालचे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. मग डिझेल आले.

शेतात ते आधीच पोचले होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची, महिंद्राचा ट्रॅक्टर उद्योग १९६३ चा.

त्या काळी ट्रॅक्टरची निगा म्हणजे आत जाणाऱ्या हवेची निगा. ऑइल-बाथ एअर क्लीनरची वाटी काढायची, तळाचा गाळ फेकायचा, जाळी डिझेलने धुवायची, नवे तेल भरायचे. बाहेर पडणाऱ्या धुराची कुणी फिकीर केली नाही. काळा धूर म्हणजे ताकद, असाच समज!

कायद्याने तो धूरही मोजायला घेतला. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम-४ निकष लागू झाले. या गटातल्या लहान इंजिनांना काजळीची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅमवरून ०.०२५ वर आली. ती पाळण्याचा एक मार्ग म्हणजे डीपीएफ, धुराच्या नळीत बसवलेली सिरॅमिकची चाळण. साचलेली काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळावी लागते; यालाच रिजनरेशन म्हणतात. इंजिन तासन्‌तास मंद चालवले की धूर पुरेसा तापत नाही आणि चाळण तुंबते. वंगणाची राख तर जळतच नाही. म्हणून कमी राखेचे तेल वापरायचे आणि ठरलेल्या तासांनी चाळण काढून साफ करून घ्यायची. ती डिझेलने धुण्याची वस्तू नव्हे.

कपाशी-तुरीत डवरणी करणारा महिंद्राचा १५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर 'युवराज' या निकषांच्या बाहेर राहिला. देशातले बहुतेक ट्रॅक्टर ५० एचपीच्या आतलेच, तेव्हा ही सवलत किरकोळ नव्हे. अमेरिकेत २५ एचपीवरच्या छोट्या ट्रॅक्टरांना २०१३ पासूनच कडक मर्यादा आहे. तरी इथल्या लहान शेतकऱ्यावर खर्च टाकण्याआधी आपले सरकार थांबले, हे योग्यच झाले.

डीपीएफचा ट्रॅक्टर घेतलाच, तर तो उभा ठेवून रिजनरेशन करताना सोयाबीनच्या कुटारापासून आणि पऱ्हाट्यांच्या ढिगापासून लांब, मोकळ्या जागी लावा.