पंधरवड्याचे मौन

१९४८ साली ग्रेस विंडम गोल्डी बी. बी. सी. च्या नभोवाणीतून दूरचित्रवाणीकडे गेल्या, तेव्हा जाणत्यांच्या लेखी ते माध्यम निव्वळ करमणुकीचे होते. गोल्डीबाईंना ते मान्य नव्हते. २३ फेब्रुवारी १९५० च्या रात्री पार्लमेंटच्या निवडणुकीचे निकाल प्रथमच पडद्यावर उमटले, ते त्यांच्याच देखरेखीखाली.

परंतु राजकारणाची चर्चा घडवावयाची, तर वाटेत एक विलक्षण नियम उभा होता. जो विषय येत्या पंधरा दिवसांत पार्लमेंटपुढे यावयाचा असेल, त्यावर बी. बी. सी. ने चर्चा करावयाची नाही! हे बंधन संस्थेने १९४४ मध्ये आपण होऊनच घालून घेतले होते. १९५५ मध्ये सरकारने त्याचा रीतसर हुकूम केला. वर्तमानपत्रांनी मात्र त्याच विषयावर रकानेच्या रकाने भरावेत! १९५६ च्या अखेरीस सुएझचा पेच उद्भवला आणि सारा देश दुभंगला. ज्या प्रश्नावर घरोघरी वाद पेटले होते, नेमक्या त्याच प्रश्नावर मौन पाळणे हास्यास्पद ठरले. डिसेंबरात नियम स्थगित झाला. पुढे तो कायमचाच गेला.

१९५७ च्या फेब्रुवारीत गोल्डीबाईंच्या विभागाने 'टुनाइट' हा सायंकाळचा कार्यक्रम सुरू केला. त्या निवृत्त झाल्या १९६५ मध्ये.