शब्दवेध : स्विच

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली. रूळ जिथे फुटतात तिथल्या हलत्या जोडाला आपण ‘सांधा’ म्हणतो; मूळ संस्कृत ‘संधि’. इंग्रजी नाव ‘स्विच’. हा मुळात घोड्याला हाणायचा लवचिक फोक. डच-जर्मन मुलखातून इंग्रजीत आला असावा. तिथून रुळांत, विजेच्या बटणात, टेलिफोन एक्स्चेंजात आणि शेवटी ऑफिसच्या कोपऱ्यात हिरवे दिवे लुकलुकवणाऱ्या नेटवर्कच्या डब्यात.

रुळांवर सांधा हलवतो तो सांधेवाला; या डब्यात तोही आतच बसलेला असे. तारेवरचे नियम खुले होते, इथरनेट सगळ्यांचे होते. पण कुठले पॅकेट कुठल्या दाराने धाडायचे हे ठरवणारा मेंदू कंपनीचा, कुलूपबंद. एकदा माल घेतला की गिऱ्हाईक अडकलेच! २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी ‘ओपनफ्लो’ मांडले : निर्णय मध्यवर्ती कंट्रोलरचा, स्विचने फक्त पुढे ढकलायचे, दोघांमधली बोली खुली. २०११ पासून ती ओपन नेटवर्किंग फाउंडेशनने सांभाळली.

याला ‘सॉफ्टवेअर-परिभाषित संजालन’ म्हणणारे आहेत. म्हणोत बापडे. सांधेवाल्याला केबिनमध्ये नेऊन बसवले, एवढे सांगितले तरी परळीच्या स्टेशनावरच्या माणसाला कळेल.