१२ ऑक्टोबर १९७९ : फ्लीटवूड मॅकचा ‘टस्क’

फ्लीटवूड मॅक या बँडचा ‘रूमर्स’ (१९७७) हा अल्बम अमेरिकेत एकूण तब्बल ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्याच धाटणीचा दुसरा अल्बम काढला असता तर रेकॉर्ड कंपनीही खूश आणि श्रोतेही. पण बँडचे गिटारवादक लिंडसे बकिंगहॅम यांना तेच ते पुन्हा करायचे नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये सुसज्ज स्टुडिओ दिमतीला असताना त्यांनी ‘टस्क’ची काही गाणी स्वतःच्या घरी, एकट्याने ध्वनिमुद्रित केली. टिश्यू पेपरचा खोका ड्रमसारखा बडवला. शीर्षकगीतासाठी तर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अख्खे बँडपथक रिकाम्या डॉजर स्टेडियममध्ये उभे राहिले! त्या ढोल-तुताऱ्यांचा दणका आजही अंगावर येतो. मधूनच बँडच्या गायिका स्टीव्ही निक्स यांचे ‘सारा’ येते आणि सगळे निवळते.

वीस गाण्यांच्या या दुहेरी अल्बमवर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाला. तो ब्रिटनमध्ये पहिल्या, अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचला, लाखोंनी खपलाही. तरी ‘रूमर्स’च्या तुलनेत अपयशी ठरवला गेला. हा सरळसरळ अन्याय होता. धाडसाच्या बाबतीत ‘टस्क’ ‘रूमर्स’च्या कितीतरी पुढे आहे. आज सलग ऐकाच.