पांढरा बर्फ, काळा बर्फ

मंडळी, दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या माणसांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. आज तिथल्या मोजमापांकडे वळूया.

डिसेंबरात तिथे सूर्य मावळतच नाही. चोवीस तासांचा हिशेब केला, तर वातावरणाच्या माथ्यावर विषुववृत्तापेक्षाही जास्त ऊन पोचतं. तरी जमिनीलगतचं तापमान उणे 28 अंशांच्या आसपासच. मग हे ऊन जातं कुठे?

अर्धं उत्तर डोळ्यांना दिसतं. कोरडा बर्फ 80 ते 85 टक्के ऊन परत फेकतो. दुसरं अर्धं दिसत नाही. अवरक्त किरणांच्या दृष्टीने हाच पांढराशुभ्र बर्फ जवळजवळ काजळासारखा काळा असतो, आणि स्वतःची उष्णता अहोरात्र आकाशाकडे सोडत राहतो.

म्हणजे मोजायचं चार वेळा: येणारं ऊन, परतणारं ऊन, आकाशाकडून येणारी उष्णता, बर्फाकडून जाणारी उष्णता. जमाखर्चाचे आकडे मोठे, शिल्लक मात्र चिमूटभर. समजा, चौरस मीटरला 400 वॉट ऊन आलं. 80 टक्के परतलं तर बर्फात 80 वॉट राहिले; 85 टक्के परतलं तर 60. परतीच्या मोजणीत एवढीशी चूक झाली, की शिल्लक पाव हिश्श्याने चुकते.

हे किचकट काम नेटाने केलं स्वीडनच्या येस्टा लिल्येक्विस्ट यांनी. नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडनच्या 1949–52 च्या संयुक्त मोहिमेत, अंटार्क्टिकाच्या काठाशी तरंगणाऱ्या बर्फावरच्या मॉडहाइम तळावर. अशा जागी थंडीपेक्षा दहिवर जास्त छळतं, बरं का. उपकरणाच्या घुमटावर हिमकण धरतात. ते पुसायला माणूस जवळ गेला, की त्याच्या अंगाची ऊबही मोजली जाते. सूर्य इतका खाली, की उपकरण किंचित कललं तरी आकडा बदलतो.

या मोजण्यांतून कळलं, की वर्षाच्या हिशेबात किरणांच्या खात्यावर तूटच असते. ती हवा भरून काढते, म्हणून बर्फालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार.

1957–58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात प्रत्यक्ष ध्रुवावरही अशी मोजणी सुरू झाली. त्याच काळात आपल्या पुण्याच्या हवामान खात्यातून ॲना मणी भारतातल्या सौर प्रारण केंद्रांचं जाळं विणत होत्या.

आज उपकरणांना पंखे असतात, नोंदी आपोआप होतात. घुमटावरचं दहिवर बघायला मात्र अजून माणूसच बाहेर पडतो.